दोन बोटं वर

गोकुळाला राग यायला कारण लागत नाही, असं खाणीच्या कॉलनीत सगळेच म्हणत. पण महिलांची राज्य मानांकन स्नूकर स्पर्धा आली त्या आठवड्यात ती इतकी गोड वागत होती की ती हजेरी लिहायची त्या खाणीच्या टाइम ऑफिसातल्या लोकांना तिची काळजी वाटायला लागली. उशिरा हजेरी लावायला येणाऱ्यालाही ती "बसा भाऊ" म्हणाली.

या स्पर्धा आजवर कायम पुण्या-मुंबईकडे. रजा मागा, रात्रभर गाडीत बसा आणि परक्या क्लबातल्या परक्या टेबलावर जाऊन हरा. दोनदा ती शेवटच्या सोळांत पोचली आणि दोन्ही वेळा तिथेच अडकली. पहिल्या आठ जणींना राज्याच्या संघाच्या शिबिराला बोलावतात. नववीला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. यंदा संघटनेला काय सुचलं कोण जाणे, स्पर्धा भद्रावतीजवळच्या याच कॉलनीच्या क्लबात ठेवली. यंदा सोळाच जणी घेतल्या होत्या, म्हणून सोळांतला सामनाच पहिला. वर गोकुळाचा तो सामना पडला एक नंबरच्या टेबलावर. म्हणजे तिच्या स्वतःच्या.

स्वतःच्या म्हणजे काय, तर तिची आई कमळा क्लबात झाडझूड करायची आणि दुपारी साहेब लोक झोपले की क्लबचा मार्कर नागसेनभाऊ पोरीच्या हातात क्यू, म्हणजे खेळायची काठी, द्यायचा. गुण मांडणं, कापड झाडणं, बॉल पुसणं, साहेबांना चहा सांगणं ही त्याची नोकरी. गोकुळाला शिकवणं हा त्याचा शौक. अकरा वर्षं शिकवलं त्यानं.

पहिला धडा उताराचा. टेबल तिरपं होतं, खिडकीबाहेरच्या तलावाच्या बाजूला कललेलं. बॉल जोरात मारला तर कळत नसे, पण हळू मारला की शेवटच्या हातभर अंतरात तो तलावाकडे सरकायचा. म्हणून नेम धरायचा तो दोन बोटं वर, म्हणजे चढाच्या, तलावाच्या उलट बाजूला. "दोन बोटं वर ठेव," नागसेनभाऊ प्रत्येक फटक्याला म्हणायचा. तिचा बाप इस्तारी त्याच तलावात जाळं टाकणारा. त्याला यात काहीच नवल वाटलं नाही. उतार दिसला की पाणी जातं, तसा बॉल जातो, एवढंच तो म्हणाला.

सुरुवातीला गोकुळानं विचारलं होतं, हे सरळ का करत नाहीत म्हणून. एकदा नाही, चारदा विचारलं. क्लबचे सेक्रेटरी सुरेंद्र साहेब प्रत्येक वेळी एकच सांगायचे, की खाणीच्या ब्लास्टिंगनं फरशीच खचली आहे, त्याला इलाज नाही. दुपारचा बार उडाला की क्लबातल्या कपबशा वाजायच्या, त्यामुळे कुणालाही ते पटलं असतं. तिलाही पटलं. मग हळूहळू तो उतार तिला आवडायला लागला. बाहेरचे लोक यायचे, चकायचे, डोकं खाजवायचे. दर पावसाळ्यात खाणी-खाणींची शिल्ड स्पर्धा व्हायची आणि शिल्ड कधी या क्लबातून हललीच नाही. गेल्या दोन वर्षांत तर ती गोकुळानंच उचलली.

तर अशी ती खुशीत होती. स्पर्धेआधी नवं कापड घालायचं म्हणून हॉल बंद ठेवला होता, त्याचंही तिनं मनावर घेतलं नाही. ज्या टेबलाची नस न् नस ठाऊक, त्यावर सराव कशाला?

आदल्या संध्याकाळी चहाच्या टेबलावर तिची प्रतिस्पर्धी भेटली. पुण्याची शर्वाणी. उन्हानं लाल झालेली, पण मोकळ्या स्वभावाची पोरगी. हॉलला कुलूप होतं, म्हणून तिनं सरळ विचारलं, "ताई, टेबल कसं आहे हो? काही उतार वगैरे?"

गोकुळानं बशीत चहा ओतला. "एकदम सरळ आहे," ती म्हणाली. घरी जाताना ती वाटभर गालात हसत होती.

दुसऱ्या दिवशी त्या टेबलावरचा पहिलाच सामना त्यांचा होता. पाच फ्रेमपैकी, म्हणजे डावांपैकी, तीन जिंकायच्या. गोकुळाला लवकरच संधी मिळाली, कोपऱ्याच्या पॉकेटजवळचा, म्हणजे भोकाजवळचा, लाल बॉल, हलक्या हातानं मारायचा. तिनं दोन बोटं वर ठेवलं आणि मारला. बॉल गेला तो तसाच गेला. तलावाकडे तसूभरही आला नाही, पॉकेटच्या वरच्या जबड्याला आपटला आणि उभा राहिला. तिला वाटलं, नेम चुकला असेल. पुढचाही तसाच गेला, त्याच्या पुढचाही. शर्वाणी मात्र शांतपणे सरळ नेम धरत होती आणि बॉल घालत होती. पहिली फ्रेम गेली. दुसरीत गोकुळानं स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या, श्वास धरला, पुन्हा दोन बोटं वर ठेवलं, आणि तीही गेली.

 मध्यंतरात ती रिकाम्या टेबलापाशी गेली, एक बॉल उचलून हातानंच हळू सोडला आणि बघत राहिली. बॉल सरळ रेषेत गेला, समोरच्या काठाच्या कुशनला टेकला आणि थांबला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नागसेनभाऊ मागच्या व्हरांड्यात पाण्याच्या मशीनपाशी उभा होता. तिला येताना बघून त्यानं मान खाली घातली.

"टेबल कोनं सरळ केलं?"

संघटनेनं नागपूरहून फिटर पाठवला होता, तो म्हणाला. टेबलाच्या दोन पायांखाली प्लायच्या पट्ट्या घातल्या, गवंड्यासारखी पाणसळ ठेवून बघितलं, झालं. त्यानं स्वतः पाणसळ धरली होती. आणि सेक्रेटरी साहेबांनी ताकीद दिली होती, की एकाही खेळाडूला सांगायचं नाही, नाहीतर पक्षपात केला म्हणून ओरड होईल.

"किती वेळ लागला?"

"अर्धी दुपार."

अर्धी दुपार. अकरा वर्षं तिला सांगितलं होतं की फरशी खचली. इथला कोळसा जळतो तेव्हा पुण्या-मुंबईचे दिवे लागतात, आणि इथल्या टेबलाच्या पायाखाली घालायला दोन पट्ट्या मिळत नव्हत्या. पाहुणे येणार म्हटल्याबरोबर मिळाल्या. तिला साहेबांचा राग आला, संघटनेचा आला, त्या नागपूरच्या फिटरचाही आला, ज्याचा काही दोष नव्हता. पण समोर नागसेनभाऊ उभा होता आणि तो अजून मान वर करत नव्हता. तेव्हा तिला कळलं की आणखी काहीतरी आहे.

"भाऊ, हे आधीबी करता येत होतं का?"

त्यानं मशीनचा गळका नळ घट्ट बंद केला. मग म्हणाला, "येत होतं. मलेबी करता येत होतं. पन बाहेरच्याले आपलं टेबल समजत नाई, म्हनून शिल्ड आपल्याकडं रायते. साहेब लोकायले तसंच पायजे होतं. अन् खरं सांगू का, मलेबी."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावणार कुणाला? या माणसानं तिला क्यू धरायला शिकवलं होतं. तिचा बाप सरपंचासमोर उभा राहायला घाबरायचा, तेव्हा हा साहेबांसमोर तिच्यासाठी उभा राहिला होता. 

"म्हंजे तुमी मले खेळ नाई शिकवला, भाऊ," ती म्हणाली. "टेबल शिकवलं."

आत घंटा वाजली.

तिसऱ्या फ्रेममध्ये ती नुसत्या रागानं खेळली. हळू फटका मारायचाच नाही, असं तिनं ठरवलं. जोरातल्या बॉलला पूर्वीही उताराची पर्वा नव्हती, आताही नव्हती. बॉल पॉकेटात जाताना असा आवाज करायचा की पंचानं दोनदा वळून बघितलं. ही फ्रेम तिनं घेतली. चौथीही घेतली. कॉलनीतल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या आणि सुरेंद्र साहेब पहिल्या रांगेत येऊन बसले, जणू हे सगळं त्यांनीच घडवलं होतं. त्यांना बघून तिचा राग आणखी चढला, आणि त्या रागाचा तिला फायदाच होत होता.

पाचव्या फ्रेममध्ये शेवटी टेबलावर गुलाबी आणि काळा एवढेच बॉल उरले. गुलाबीचे सहा गुण, काळ्याचे सात. शर्वाणी पाच गुणांनी पुढे. गोकुळाला दोन्ही हवे होते. गुलाबी कोपऱ्याच्या पॉकेटसमोर, वाट मोकळी. पण काळा कुशनला चिकटून होता. गुलाबी जोरात मारला तर पांढरा बॉल भलतीकडे पळणार आणि काळ्याचा काही उपयोग राहणार नाही. म्हणजे हळू मारायचा होता. तिसऱ्या फ्रेमपासून जे टाळलं तेच शेवटी दारात येऊन उभं राहिलं.

ती वाकली. डोकं म्हणालं, सरळ. तिनं सरळ नेम धरला, नीट बघितला, पुन्हा बघितला. खिडकीबाहेर तलाव उन्हात चमकत होता. आणि क्यू पुढे सरकला त्या क्षणाला तिच्या हातानं डोक्याचं ऐकलं नाही, अकरा वर्षांचं ऐकलं. गुलाबी बॉल बरोबर दोन बोटं वर गेला, जबड्याला लागला आणि पॉकेटच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. शर्वाणीनं तो आत ढकलला आणि सामना संपला.

हात मिळवताना शर्वाणीनं तिचा हात दोन्ही हातांत धरला. "ताई, तुमच्यामुळे जिंकले मी. घरच्या टेबलाबद्दल कुणी खरं सांगत नाही. तुम्ही सांगितलंत."

गोकुळाला वाटलं, कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.  ती खोटं बोलली होती, ते खरं निघालं होतं, आणि तो खरेपणा दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जमा व्हायला हवा होता. आता ती साहेबांना काय म्हणून शिव्या देणार होती? शिल्ड उचलताना तिनं तरी कुठे कुणाला सांगितलं होतं? राग होता तिथेच होता, फक्त आता त्यात ती स्वतःही होती.

शर्वाणी आठांत गेली, पुढे तिसरी आली. निकालाचा कागद क्लबच्या दाराला लागला, पाहुणे गेले, आणि आठवड्याभरात गोकुळाला टाइम ऑफिसात कळलं की सुरेंद्र साहेबांनी टेबल पहिल्यासारखं करायला सांगितलं आहे. पावसाळा जवळ आला होता आणि पावसाळ्यात शिल्ड असते.

जेवणाच्या सुट्टीत ती क्लबात गेली. नागसेनभाऊ टेबलाखाली पालथा पडला होता. एक पट्टी काढून बाजूला ठेवलेली, दुसरीवर हात. तिनं काढलेली पट्टी उचलली आणि त्याच्यापुढे फरशीवर बसली.

"घाला परत."

"साहेबाचा हुकूम हाय, पोरी."

"मंग काढा. पन शिल्डच्या दिवशी मी दारावर खडूनं लिहीन, हे टेबल तलावाकडं वाकडं हाय, नेम दोन बोटं वर धरा. येईल त्याले तोंडानंबी सांगीन."

त्यानं दुसऱ्या पट्टीवरचा हात काढला. "शिल्ड जाईल."

"जाऊ द्या."

"तूबी उचलली व्हती ते."

"म्हनूनच सांगून राह्यली," ती म्हणाली आणि पट्टी त्याच्यापुढे धरली.

नागसेनभाऊनं तिच्या हातातली पट्टी घेतली. पायाखाली सारली, ठोकली, बाहेर येऊन पाणसळ ठेवली आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत थांबला. साहेबांना काय सांगायचं ते त्यानं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

मग तिनं गुलाबी बॉल त्याच जागी ठेवला, पांढरा त्याच जागी, आणि वाकली.

"दोन बोटं..." नागसेनभाऊच्या तोंडून सवयीनं निघालं. तिनं मान वळवून बघितलं, तसा तो तिथेच थांबला. मग हळूच म्हणाला, "सरळ."

तिनं मारला. बॉल दोन बोटं वर गेला, जबड्याला लागला आणि उभा राहिला.

"परत लावा," गोकुळा दात खात म्हणाली, आणि नागसेनभाऊनं गुलाबी बॉल उचलून पुन्हा जागेवर ठेवला.