मागच्या सीटखालचा आवाज

“पुन्हा एकदा काढा बरं,” मिस्त्री म्हणाला.

चष्मेवाल्यांनी घसा साफ केला, इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडाने गाडीचा आवाज काढला. घर्र, घर्र, मग खाड्. पलीकडे टायर बदलणारे दोघे काम टाकून हसू लागले. महिनाभर खेपा घालून घालून त्यांची इथे ओळखच तशी झाली होती; ते फाटकातून आत शिरले की “आले, गाडी तोंडात घेऊन आले” असं कुणीतरी म्हणायचंच. माणूस तसा मुखदुर्बळ. चष्म्याच्या दुकानात उभा जन्म गेला तो गिऱ्हाइकाच्या नाकावर भिंगं बदलत “हे बरं की ते?” एवढंच विचारण्यात. आता मिस्त्री तेच त्यांना विचारत होता.

“खाड् की खट्?”

“खट्... म्हणजे खाडच्या जवळचं.”

“त्याआधी शिट्टीबिट्टी येते का?”

“ते नाही हो सांगता येत. चढावर गेली की मरते, एवढं खरं.”

“काका, मी स्वतः तिला चढावर नेऊन आणली. मुकाट गेली, मुकाट आली. मी तरी काय उघडू?”

हीच तर रड होती. लहान मूल जसं रात्रभर घर डोक्यावर घेतं आणि डॉक्टरसमोर टुणटुणीत होतं, तशी ही गाडी वर्कशॉपचं फाटक दिसलं की शहाण्यासारखी वागायची. आणि वॉरंटीचा आज शेवटचा दिवस होता. ही जुनी गाडी विकताना इथलाच मॅनेजर म्हणाला होता, “काका, डोळे मिटून न्या.” जन्मभर लोकांच्या डोळ्यांचाच धंदा केलेल्या माणसाने तेव्हा खरोखरच डोळे मिटले, कारण त्यांना घाई होती.

घाई मागच्या सीटवर बसली होती. पाच महिन्यांपूर्वी ओट्यापाशी उभी असताना त्यांची बायको कोसळली. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. तिच्यासारखी बोलणारी बाई उभ्या गल्लीत नव्हती. नवऱ्याच्या वाटणीचंही तीच बोलायची, वर त्याची टिंगल करायची. आता घरात नळाचा थेंब पडलेला ऐकू यायचा. वाचा शिकवणाऱ्या बाईंचं सेंटर या वर्कशॉपच्या पुढे, चढाच्या टोकाला होतं. तिथे बस जात नाही म्हणून तर गाडी घेतली. बाईंनी बजावलं होतं, पहिले महिने फुकट घालवू नका. पण गाडी दर वेळी चढावर मरायची आणि वेळ टळून जायची. काल फोनवर बाई म्हणाल्या, “उद्याही आला नाहीत तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल हो. माझाही नाइलाज आहे.”

“अहो, एकदा आत तरी बघा,” चष्मेवाले म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. “पाया पडतो तुमच्या. तिला वर न्यायचंय. ती बोलायची राहील हो!”

टायरवाल्यांचं हसू थांबलं. मिस्त्री खाली बघत फडक्याला हात पुसू लागला.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून आवाज आला. “कुंईंऽऽऽ...” बारीक, चढत जाणारा. मग “टुक्. टुक्.” आणि शेवटी “फस्स.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिचे ओठ एका बाजूला ओढलेले, कपाळावर घाम. तिने पुन्हा केलं. कुंईंऽऽऽ, टुक्, टुक्, फस्स.

“पंप!” मिस्त्री म्हणाला. “पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली असतो, काका. तो रडतोय. पुढे बसून तुम्हाला काय कपाळ ऐकू येणार?” त्याने घाईने किल्ली फिरवली. गाडी कुंईं करून गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा गप्प. आज पहिल्यांदाच तिने वर्कशॉपमध्ये खरं सांगितलं.

चष्मेवाल्यांना गाडीशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. त्यांनी सेंटरला फोन लावला. “बाई, तिने आवाज काढला!”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली नाही काही. बंद पडली. म्हणजे गाडी... गाडी कशी बंद पडते ते करून दाखवलं.”

“नक्कल केली? अहो, मग आज त्यांना आणाच. बाराला दुसरा पेशंट आहे, त्याच्या आत या. कसंही करून या.”

तोवर मॅनेजर काचेच्या केबिनमधून बाहेर आला होता. “पंप वॉरंटीत बसत नाही, काका. फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स.”

“पंपाशिवाय इंजिन चालतं का?”

“तो प्रश्न वेगळा.”

“बरं, राहू द्या. आम्हाला वर तरी सोडा.”

“शोरूमच्या गाड्या अशा बाहेर नाही काढता येत.”

भाड्याच्या गाडीवाला फोनवर म्हणाला, तासभर लागेल. मिस्त्रीने आपली स्कूटर पुढे केली. पण तिला मागे बसून तोल सावरता येणार नव्हता. चष्मेवाल्यांनी मागचं दार उघडलं आणि बायकोच्या काखेत हात घातला.

“चल गं. चालत जाऊ.”

फाटकातून वर सेंटरचं पांढरं गेट दिसत होतं. दिसायला काय, चंद्रही दिसतो. एक पाऊल तिच्या धड पायाचं, एक फरफटणाऱ्या पायाचं, आणि दोघांचा भार त्यांच्या खांद्यावर. ऊन डोक्यावर आलं. अर्ध्या चढावर त्यांचा दम संपला. छाती भात्यासारखी वाजू लागली, पाय उचलेना. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि पुसूनही वरचं गेट धूसरच दिसत राहिलं. आपल्याच्याने आता होत नाही, हे त्यांना कळून चुकलं, आणि ते तिला कसं सांगावं ते कळेना.

कानाशी हळूच आवाज आला. “कुंईंऽऽऽ... टुक्. टुक्. फस्स.”

त्यांनी मान वळवली. ती त्यांच्याकडेच बघत होती. ओठाची चांगली बाजू किंचित वर गेली होती, टिंगल करताना जायची तशी.

“हो गं बाई,” ते म्हणाले, “पडलो बंद.”

तिने डावा हात उचलला, त्यांच्या शर्टाच्या बटणापाशी नेला, आणि किल्ली फिरवावी तसं मनगट वळवलं. एकदा काही झालं नाही. तिने पुन्हा वळवलं.

चष्मेवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तोंडाने घर्र केलं.