कोटाला धरलेला हात

एडिंबरा शहरात प्रोफेसर कारफ्रे यांच्याकडे मी एकवीस वर्षं स्वयंपाक केला. घर सहाव्या मजल्यावर. पाणी खालून चढवायचं, आणि ते चढवायची घरची मोलकरीण ग्रिझेल. ती शहराजवळच्या न्यूहेवन बंदरातल्या कोळ्यांतली. एका नोव्हेंबरात तिचा भाऊ निनियन आणि तिचा ठरलेला नवरा वॅट एकाच होडीतून समुद्रावर गेले. होडी उलटली, निनियन एकटा किनाऱ्याला लागला. ग्रिझेल दोन दिवस घरी राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शेगड्या पेटवायला हजर झाली.

प्रोफेसर विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवायचे. बरं-वाईट माणूस बुद्धीने ठरवतो, असं त्यांचं म्हणणं. दर गुरुवारी दुपारी जेवायला येणारे डॉक्टर स्विंटन म्हणायचे, छे, आधी पोटात कालवतं, मग बुद्धी कारणं शोधत बसते. अकरा वर्षं हाच वाद, माझं मटण पार गार होईपर्यंत.

त्यानंतरच्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ग्रिझेल ताटं उचलत होती.

"हिलाच विचारू," डॉक्टर म्हणाले. "हिने एकही पुस्तक वाचलेलं नाही."

"विचारा की."

"ग्रिझेल, दोघं जण पाण्यात पडलेत. एकाच्या हाताला वल्हं लागलंय. दुसऱ्याने त्याच्या कोटाला धरलंय. वल्हं दोघांना पेलणार नाही. पहिला त्याची बोटं सोडवतो आणि वाचतो. केलं ते बरोबर की चूक?"

ती ताटं हातात धरून विचार करत उभी राहिली.

"चूक. धरलेला हात सोडवायचा नसतो, साहेब. नाहीतर होडीत कुणी कुणाबरोबर बसणारच नाही."

"बघा, कारण दिलं तिने," प्रोफेसर खूश झाले.

डॉक्टर खुर्चीत वळले. "तो माणूस तुझा भाऊ होता. मी त्याच्या छातीला औषध देत होतो ना, तेव्हा तापात त्यानेच मला सांगितलं. आता बोल."

मी पुडिंग घेऊन दारातच थांबले. ग्रिझेलच्या हातातली ताटं एकमेकांवर वाजायला लागली.

"भाऊ असला तरी चूकच," ती म्हणाली.

"निकाल बदलला नाही," प्रोफेसर म्हणाले. "रक्ताचं नातं आड आलं, तरी बुद्धी हलली नाही."

"हात बघा तिचे. याला बुद्धी म्हणता? बुडालेल्यावर जीव होता तिचा, तो बोलतोय. जा ग्रिझेल, चीज आण."

ती गेल्यावर प्रोफेसरांनी विचारलं, "खरंच तो असं बोलला?"

"कुठला. तापात तो मासळीच्या भावाबद्दल बडबडत होता. पण खरं वाटल्याशिवाय परीक्षा कसली? जाताना सांगतो तिला."

जाताना त्यांची काठी सापडेना. ती सापडली, आणि सांगायचं राहिलं.

मी सांगायला हवं होतं. पण त्या आठवड्यात ग्रिझेलने माझं तांब्याचं पातेलं जाळलं होतं, आणि मी बोलले तर उलट उत्तर दिलं होतं. म्हटलं, होऊ दे जरा तोंड बंद. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं.

रविवारी ती न्यूहेवनला गेली आणि चर्चच्या दारात, सगळ्यांच्या देखत, तिने वॅटच्या आईला ते सांगितलं. निनियन तिथेच उभा होता. पुढचं मला मासे विकायला येणाऱ्या बायकांकडून कळलं.

"मी डॉक्टरला असलं काही बोललो नाही," तो म्हणाला.

"मग डॉक्टर खोटं कशाला बोलेल? त्याला काय मिळणार?"

"ग्रिझेल, वॅटने मला धरलं होतं का, तेच मला ठाऊक नाही. गारठ्याने अंग मेलं होतं. पायाला काहीतरी अडकलं, मी लाथ मारली. दोर होता बहुतेक."

"बहुतेक," वॅटची आई म्हणाली.

त्यानंतर त्याला कुणी होडीत घेतलं नाही. त्याने विणलेलं जाळंही कुणी घेईना. मार्चमध्ये तो ग्रीनलंडला देवमासे मारायला जाणाऱ्या जहाजावर चढला. ऑगस्टमध्ये बातमी आली, जहाज बर्फात चिरडलं, माणसं गेली.

तेव्हा मी ग्रिझेलला सांगितलं. आम्ही वाटाणे सोलत होतो. तिने हातातली शेंग सोलून संपवली.

"मावशी, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"त्याच दिवसापासून."

गुरुवारी तिने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी काटा खाली ठेवला. "मी सांगितलं नव्हतं तुला?" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. प्रोफेसर हळूच म्हणाले, "ग्रिझेल, एक विचारू? राग नक्की कशाचा येतो? खोटं बोलले त्याचा, की भाऊ गेला त्याचा? तो जिवंत परत आला असता, तर एवढाच आला असता?"

तिने आधीसारखाच नीट विचार केला.

"डॉक्टरसाहेबांचा नाही येत. ते विसरले. आत स्वयंपाकघरात बाई आहे ना, ती विसरली नव्हती."

"म्हणजे दोष जाणिवेवर ठरतो," प्रोफेसर म्हणाले आणि पेन्सिल शोधू लागले.

ग्रिझेल त्या घरात आणखी नऊ वर्षं राहिली. न्यूहेवनला परत गेली नाही, आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शेवटच्या हिवाळ्यात मी जिन्यात पडले, मांडीचं हाड मोडलं. सहा आठवडे तिनेच मला पेज दिली, एकही दिवस न चुकता. वाडगा ती दाराजवळ जमिनीवर ठेवायची, माझ्या खाटेपासून पाच पावलांवर, आणि मी सरपटत तिथवर पोचेपर्यंत उभी राहून बघायची.