शेवटच्या बांधीचं पाणी

साकोलीच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. जगाच्या राजकारणाची रचना कशी बदलते, हा प्रश्न दरवर्षी पेपरात येतो. उत्तर मला तोंडपाठ. देशांच्या डोक्यावर कोणी मालक नाही, म्हणून जो तो आपली ताकद वाढवतो. त्याला पाहून शेजारी वाढवतो. ताकदीची वाटणी बदलली की रचना बदलते. दुसरंही एक उत्तर आहे: रचना लोकांनी पाळलेल्या रीतीवर उभी असते, रीत मोडली की तीही कोसळते. ते मी घंटा व्हायच्या आधी घाईघाईनं उरकायची. आग लागो त्या घाईला!

आमच्या एकोडीच्या तलावाचं पाणी माझे बाबा, भैयाजी, चाळीस वर्षं सोडत आले. रीत एकच. पहिलं पाणी सगळ्यात शेवटच्या बांधीला, म्हणजे मनकर्णाबाईच्या धानाच्या वावराला. तलावाला लागून आमचंच शेत, पण आमचा नंबर मागून. बाबांजवळ ना काठी, ना कागद. तरी कोणी मधात नाली फोडली नाही.

औंदा पाऊस लवकर गेला. आमच्या शेताशेजारच्या हेमराजनं पाणी उपसायची मोटार आणली, असं गावात उठलं.

"बाबा, कायले थांबून राहिले? त्यानं तलावात टाकायच्या आधी आपण टाकू."

"मी पाणी वाटणारा माणूस, पोरी. मीच टाकू?"

दोन दिवस ते नाहीच म्हणाले. तिसऱ्या दिवशी मीच मोटार आणून टाकली. मोठी शहाणी ना मी!

हेमराजची मोटार घरच्या बोरवेलची निघाली. पण आमची पाहून त्यानं ती उचलून तलावात टाकली. आठ दिवसांत अकरा मोटारी झाल्या. बाराव्या दिवशी तलावात चिखल उरला.

मनकर्णाबाई अंगणात आली. "भैयाजी, धान निसवून राहिला, लोंबी भरायले पाणी पायजे. पहिला नंबर माहा ना?"

तिनं आमच्या हिरव्या बांधीकडं पाहिलं आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांनी तलावाचं पाणी सोडायच्या फाटकाची चावी खुंटीवरून काढून माझ्या समोर ठेवली.

"पहिले कोण भ्यालं, हे तुह्या पुस्तकात लिवून रायते का?"

"नाही, बाबा."

"मंग लिवून ठेव. आपण."