आवाज न करणारी गाडी

साठी उलटली की माणसं गुडघ्यांची चौकशी करायला लागतात. काकांनी स्पोर्ट्स कारची केली. चष्म्याचं दुकान पुतण्याच्या हवाली करून फार दिवस झाले नव्हते, तोच एका सकाळी ते इमारतीखाली गडद निळ्या रंगाची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, ऑटोमॅटिक गाडी घेऊन हजर झाले. दोनच सीटची. काकू गॅलरीतून बघत राहिल्या. घेण्याआधी काकांनी त्यांना एकदा विचारलं होतं, नाही असं नाही. काकूंनी ओट्यापाशी भांडी घासता घासता, "या वयात कशाला हे नसते उद्योग?" असं स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर काका प्रसन्न चेहऱ्याने उठले आणि पैसे भरून आले.

आता अशा नवऱ्यापुढे कपाळाला हात लावण्यापलीकडे बाई काय करणार?

गाडी आली आणि काकांना कंठ फुटला. भेटेल त्याला ती कशी चालते ते सांगायचे. सुरुवातीला डावा पाय क्लच शोधायचा. क्लच नाहीच म्हटल्यावर सवयीने ब्रेकवर पडायचा, आणि ब्रेक असा कडक, की काकांचं कपाळ स्टिअरिंगला भेटून यायचं. मग त्यांनी गाडीत बसताना डाव्या पायातला बूट काढून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे पायाला आठवण राहते. गिअर आपले आपण बदलतात, कधी बदलले कळत नाही. पण अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला तर गाडी क्षणभर विचारात पडते आणि मग असा रेटा देते की पाठ सीटमध्ये रुतते. खड्डा एकही लपवत नाही, प्रत्येकाची खबर मणक्यापर्यंत पोचवते. बसताना पडल्यासारखं बसायचं. उतरताना आधी एक पाय, मग दाराला धरून बाकीचा माणूस. "पण सगळ्यात मोठी गोष्ट सांगू?" काका बोट वर करून म्हणायचे, "शांत! इंजिन चालू आहे की बंद, पत्ता लागत नाही."

इथे ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. कारण काका रोज उजाडता उजाडता गाडी बाहेर काढत, तेव्हा सगळी इमारत अंथरुणात उठून बसायची. त्या गाडीत एक बटण होतं. ते दाबलं की स्टिअरिंग घट्ट होतं, गाडी चपळ होते आणि मागच्या नळीतून डरकाळी फुटते. काकांना घट्ट स्टिअरिंग आवडलं, म्हणून त्यांनी ते पहिल्या दिवशी दाबलं ते दाबलंच. वरच्या मजल्यावरचे वकील एकदा जिन्यात समोर आले आणि म्हणाले, "काका, जरा आवाजाचं बघा." काका हसून म्हणाले, "आवाजच नाही ना हो, तीच तर गंमत आहे!" वकिलांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्यांनी काकूंवर काढली आणि काकूंनी माफी मागितली. नवऱ्याच्या वतीने माफी मागायची त्यांना सवय झाली होती.

लग्नानंतरची सगळी वर्षं दोघांनी दुकानात एकत्र काढली होती. काका डोळे तपासायचे, काकू चेहऱ्याला शोभेल अशी फ्रेम काढून द्यायच्या. गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत बसलं की काका त्याच्या तोंडावरून नजर हलवत नसत. म्हाताऱ्यांच्या रडकथासुद्धा शेवटपर्यंत ऐकून घेत आणि नेमकं उत्तर देत. बायका म्हणायच्या, काकूंनी नशीब काढलं. आणि घरी? घरी काका खिडकीकडे पाठ करून बसायचे, पेपर उघडायचे, आणि काकू भिंतीशी बोलायच्या. गेली दोन-तीन वर्षं हेच. काकूंनी चिडून बघितलं. मग अबोला धरून बघितला. तो काकांच्या लक्षातही आला नाही, आणि याच्यापेक्षा मोठा अपमान बायकोचा करता येत नाही. शेवटी जेवायला या, औषध घ्या, दिवा मालवा, एवढ्यावर संसार येऊन ठेपला. काकूंना काही मोठं नको होतं. आपण बोललेलं घरातल्या एका माणसाने ऐकावं, बस्स.

त्यांची थोरली बहीण दुसऱ्या गावी एकटीच राहायची. तिच्या घरातली वरची खोली रिकामी होती आणि "ये, दोघी मिळून राहू," असं ती कधीची म्हणत होती. काकूंनी घरात सांगताना "महिनाभर जाऊन येते" असं सांगितलं, पण बॅगेत भर उन्हाळ्यात सगळे स्वेटर भरले. पलंगावर मुद्दाम मांडून भरले. काकांनी "स्वेटर कशाला?" एवढं जरी विचारलं असतं, तरी त्या थांबल्या असत्या. त्यांना थांबायचंच होतं, खरं सांगायचं तर. काका दारात उभे राहिले, त्यांनी स्वेटरकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, "मी सोडतो तुला. गाडी हायवेला कशी पळते तेही कळेल."

गाडीच्या डिकीत एकच बॅग मावली. दुसरी काकूंनी मांडीवर घेतली, त्यामुळे सीटचा पट्टा काही लावता येईना. गाडी फाटकातून बाहेर पडताना अशी गरजली की वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद झाली.

"बघ," काका कौतुकाने म्हणाले, "टाचणी पडली तरी ऐकू येईल."

काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले. चेष्टेलासुद्धा काही वेळकाळ असतो.

हायवे लागला. काका खुशीत होते. एक पाय बुटात, एक मोज्यात, आणि तोंड चालू. आता बघ हं, ट्रकला मागे टाकतो. आता बघ हं, थोडा विचार करेल आणि मग पळेल. तशी ती पळाली आणि मांडीवरची बॅग काकूंच्या छातीत रुतली. मघापासून कुठूनतरी टिंग टिंग वाजायला लागलं होतं, ते थांबायचं नाव घेईना.

"काय वाजतंय हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी आरसा नीट केला.

"अहो, ते वाजतंय ते बंद करा ना."

काकांनी एक मोटारसायकल ओलांडली. काकूंनी तोंड फिरवलं आणि खिडकीच्या काचेकडे बघत, मनात नसताना, एकदम बोलून टाकलं, "मी परत येणार नाहीये."

बोलून झाल्यावर त्यांनी मांडीवरची बॅग घट्ट धरली. आता हा माणूस गाडी थांबवेल, ओरडेल, काहीतरी करेल.

"वळणावर जरासुद्धा कलत नाही, बघितलंस?" काका म्हणाले.

काकूंना रडू यायला हवं होतं, पण इतका संताप आला की त्या रडायचंही विसरल्या. आयुष्यभराचं भांडण तोंडावर आणून त्या नवऱ्याकडे वळल्या, आणि तिथेच थबकल्या. ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या माणसाची मान आखडते, नजर चोरटी होते. दुकानात उधारी मागितली की असले चेहरे त्यांनी ढिगाने बघितले होते. हा तो चेहरा नव्हता. हा चेहरा लहान मुलासारखा रस्त्यात रमला होता. टिंग टिंग चालूच होतं आणि ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

त्यांना दुकानात येणारी वयस्कर माणसं आठवली. हल्ली पेपरवाले अक्षरं बारीक छापतात, अशी तक्रार घेऊन यायची. आपली नजर अधू झाली आहे हे एकालाही पटायचं नाही. आणि काका हल्ली काय म्हणत होते? बातम्या देणारे तोंडातल्या तोंडात बोलतात. पुतण्या पुटपुटतो. सगळ्या जगालाच पुटपुटायचा रोग लागला आहे.

"अहो," काकू नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गाडीला मागून आग लागली आहे."

काका शीळ घालत होते.

"आणि तुम्ही एक नंबरचे गाढव आहात."

"ब्रेकसुद्धा काय मऊ झालेत आता," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि पुढे दिसणाऱ्या पेट्रोल पंपाकडे बोट दाखवलं. काकांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. डरकाळी थांबली, टिंग टिंग थांबलं, आणि काकांच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. काकूंनी बॅग पायापाशी ढकलली, त्यांची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही."

"मला? काहीतरीच तुझं. आत्ता ऐकलं की नाही?"

"तोंडाकडे बघत होता म्हणून." काका दुकानात लोकांना एक डोळा झाकायला लावायचे, तसा काकूंनी आपल्या तोंडावर तळहात धरला आणि त्याच्या आडून एक साधं वाक्य बोलल्या.

काका हसत बघत राहिले. मग हसू हळूहळू उतरलं. "परत बोल," ते म्हणाले. काकू परत बोलल्या. "परत एकदा." त्या परत बोलल्या, आणि मग त्यांच्याच्याने बघवेना म्हणून त्यांनी हात खाली घेतला.

काकांनी मोज्यातला पाय परत बुटात घातला.

"म्हणजे तू बोलत होतीस?" ते म्हणाले.

"मग काय करत होते?"

"मला वाटलं, तुला माझा वीट आला. दुकानात सगळे बोलतात, घरी आलं की तू गप्प. मी कितीदा बघायचो तुझ्याकडे, तर तुझी पाठ. मग म्हटलं पेपर तोंडासमोर धरलेला बरा." ते थांबले. "म्हणून तर ही गाडी घेतली."

"म्हणून?"

"दोनच सीट आहेत. मागे कुणी बसायला नको, तुलाही मागे बसायला नको. शेजारी बसावंच लागेल, मग काहीतरी बोलशील. आणि ऑटोमॅटिक अशासाठी, की तू बोलायला लागलीस की माझं लक्ष गिअरमध्ये जायला नको."

काकूंना त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. इतका पैसा ओतण्याआधी सरळ विचारता येत नव्हतं? पण सरळ तर आपण तरी कुठे विचारलं होतं?

"स्वेटर बघितलेत ना तुम्ही?" त्या म्हणाल्या, नीट तोंड समोर धरून.

"बघितले. कळलं मला."

"मग?"

"जायचंच ठरवलं असेल तर धरून कसं ठेवू? म्हटलं, निदान रस्ताभर तरी शेजारी बसेल."

काकूंनी डोळे पुसले. त्यांच्या लहानपणच्या भाषेत ज्याला येडं म्हणतात, तसला हा माणूस होता, आणि तो त्यांना इतका आवडत होता की त्यांना त्याचा राग आला. काकांनी त्यांच्याकडे पूर्ण वळून विचारलं, "काय काय राहिलं माझं ऐकायचं?"

पुष्कळ राहिलं होतं. भांडणं राहिली होती, गमती राहिल्या होत्या, वकिलांची तक्रार तर कालचीच होती. काकूंनी सगळं बाजूला सारलं.

"गेल्या वर्षी माझी आई गेली ना, त्या रात्री," त्या म्हणाल्या. "दिवा मालवल्यावर मी म्हटलं, मला झोप येत नाही, माझ्याशी थोडं बोला. आणि तुम्ही कूस बदललीत."

काकांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

"मी जागाच होतो गं," ते म्हणाले. "कितीतरी वेळ जागा होतो. तू काही बोलत नव्हतीस, मला वाटलं तुला एकटीलाच पडून राहायचंय." त्यांनी विचारलं, "आता बोलू का?"

काकूंनी मान हलवली. मग काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, काकूंच्या तोंडावर नजर ठेवली आणि त्यांच्या आईबद्दल बोलायला सुरुवात केली. ती पहिल्यांदा दुकानात आली, सोबत एक तोंडाळ मुलगी घेऊन आली, आणि एकही फ्रेम पसंत न करता चहा पिऊन गेली, तिथपासून. ते फार मोठ्याने बोलत होते. पेट्रोल भरणारा माणूस दोनदा गाडीपाशी आला आणि दोन्ही वेळा परत गेला.