पाळणाघरातला खोकला

१९३४च्या पौषात सोलापूरच्या एका गिरणीच्या पाळणाघरात खोकला शिरला. बायका सूत गुंडाळायच्या खात्यात गेल्या की त्यांची चौदा तान्ही लेकरं तिथली आया, अंबुबाई, सांभाळायची. बाराव्या दिवशी केराबाईचा आठ महिन्यांचा बिरप्पा गेला. श्वास ओढताना त्याच्या बरगड्या आत जायच्या, ओठ निळे पडले होते. अंबुबाईनं त्याला शेवटचं पाहिलं ते असं.

घटसर्पाच्या भीतीनं गिरणीचे डॉक्टर चनबसप्पा यांनी काडीला कापूस गुंडाळून सगळ्या लेकरांच्या घशातला चिकटा घेतला, काचेवर सारवला, रंगवला आणि दोन दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. अहवालात त्यांना एवढंच लिहिता आलं, की घटसर्पाचे जंतू आढळले नाहीत.

मॅनेजरसाहेबांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे साथ नाहीच की!"

डॉक्टरांना चैन पडेना. ते पाळणाघरात आले. "अंबुबाई, आधी कुणाला खोकला आला, आठवतं?"

"आठवतंय की. पैल्यांदा गोजाबाईची पोर, दाराजवळची. मग तिच्या शेजारचं निंगप्पाचं लेकरू. मग पल्याडची दोघं, मग बिरू. वळीनं आला बगा, मी पाळणं हलवत जाती तसा."

डॉक्टर बाकड्यावर बसले. "विलायतेत गेल्या साली एक शोध लागलाय. तापकऱ्याच्या घशातलं पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळलं, की एकही जंतू पलीकडे जाणार नाही. तरी ते जनावराच्या नाकात घातल्यावर जनावर तापानं पडलं. त्या पाण्यात काहीतरी होतं. व्हायरस म्हणतात त्याला. ते माझ्या यंत्रात दिसत नाही. इथंही तसलंच काही असावं, पण पुरावा म्हणून माझ्याजवळ तुम्ही सांगितलेली पाळण्यांची ही ओळच आहे."

"पर ह्या पाळण्यातनं त्या पाळण्यात जातंय कसं? लेकरास्नी चालायला कुटं येतंय?"

डॉक्टरांची नजर तिच्या खांद्यावरच्या ओल्या फडक्यावर गेली. तिनंही मान वळवून पाहिलं. सकाळपासून तेरा नाकं तिनं त्याच फडक्यानं पुसली होती, लई मायेनं, एकामागून एक. तिनं ते खांद्यावरून ओढून काढलं.

"दोष तुमचा नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "मलाही ठाऊक नव्हतं."

संध्याकाळी ती केराबाईच्या खोलीवर गेली आणि उंबऱ्यातच बसली. "केरा, तुज्या लेकराला खोकला मीच दिला. माज्या फडक्यानं."

केराबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुला ठावं हुतं?"

"न्हाय गं."

"मग आता मला कशापायी सांगतीस?"

अंबुबाई तशीच उठून आली.

डॉक्टरांनी दुसरा अहवाल लिहिला. जंतू दिसला नाही म्हणून साथ नाही असं होत नाही, असं त्यात ठणकावून सांगितलं. मॅनेजर कुरकुरले, पण शेजारची एक खोली रिकामी करून दिली. प्रत्येक लेकराचं फडकं वेगळं झालं, अंबुबाई ती उकळू लागली. खोकणारं मूल शेजारच्या खोलीत हलवलं जायचं आणि कुठल्याही लेकराला घेतल्यावर दर वेळी ती साबणानं हात धुवायची. त्या थंडीत आणखी तिघं आजारी पडली. तिघंही वाचली, चौथ्या कुणाला लागण झाली नाही. असं का झालं हे डॉक्टरांना यंत्रात कधीच दिसलं नाही.

केराबाई रोज पाळणाघराच्या दारावरून जायची, आत बघायची नाही. चैत्रात तिनं काम सोडलं. सांगोल्याकडं नवऱ्याची मेंढरं होती. तिकडं निघताना बोचकं काखेत घेऊन ती पाळणाघराच्या दारात थांबली. आत कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

"येते," ती म्हणाली.

"ये बाई," अंबुबाई म्हणाली, आणि रडणाऱ्या लेकराकडे वळली.