पैलवानाचं वजन

हंबीररावाचा मला इतका राग होता की त्यानं दिलेला चहासुद्धा मी कधी घेतला नाही. शिरोली एमआयडीसीतली आमची लोखंड ओतायची फौंड्री. तो तिथला सुपरवायझर, आणि मी त्याच्याच हाताखाली फोर्कलिफ्ट चालवणारा. नोकरीला लावलं होतं त्यानंच. माझ्या थोरल्या भावाचा, पिराजीचा पाय त्याच्यापायी गेला, तेव्हा घरातल्या एकाला चिकटवून त्याला आमची तोंडं बंद करायची होती. मी नोकरी घेतली. तोंड बंद ठेवायचं मात्र कबूल केलं नव्हतं.

त्या वेळी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, आमच्याकडं एक भलतीच पद्धत होती. फोर्कलिफ्टला झेपेल त्यापेक्षा माल जड झाला की माल उचलायचे पुढचे फाळ जागेवरच राहतात आणि गाडीची मागची चाकं वर उचलली जातात. शहाणी माणसं अशा वेळी माल कमी करतात, नाहीतर मोठी क्रेन आणतात. पण कोल्हापुरात पैलवानांना काय तोटा! तालमीतले चार धिप्पाड गडी कामाला होतेच. हंबीरराव हाक मारायचा, "या रं पैलवान, बसा मागं!" ते गाडीच्या पाठीवर चढायचे, मागची चाकं जमिनीला टेकायची आणि सगळे टाळ्या पिटायचे. पैलवानांनाही त्यात मोठेपणा वाटायचा.

त्या चौघांतलाच पिराजी असाच एकदा चढला. फाळांवरनं कास्टिंगचं खोकं घसरलं, पुढचं वजन एकाएकी गेलं आणि अधांतरी असलेलं गाडीचं बूड धाडकन खाली आपटलं. पिराजी उडून पडला आणि मागं सरकलेल्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला.

पाय गेला तो गेला. पण हंबीररावानं गावभर सांगितलं, "मी नगं नगं म्हणत हुतो. गडी मस्तीत चढला." ज्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, त्यांची दातखीळ बसली. तालमीतल्या बाळासो वस्तादांना ताकदीची मस्ती करणारा पैलवान अजिबात खपत नाही. त्यांनी पिराजीला निरोप धाडला, पुन्हा तालमीची पायरी चढू नकोस. पायासाठी कधी रडला नाही असा माझा भाऊ त्या निरोपानं रडला. त्या दिवशी मी ठरवलं, खरं काय ते हंबीररावाच्याच तोंडून वदवायचं, तेही चार माणसांत.

संधी मिळेपर्यंत मी त्याला नियमांनी छळलं. कोपऱ्यावर हॉर्न दिल्याशिवाय वळायचं नाही, माल उंच धरून गाडी पळवायची नाही, फाळांखालून कुणाला जाऊ द्यायचं नाही. त्याला घाई असली की मी आणखी सावकाश. तो बोंबलायचा आणि मी गोड हसून म्हणायचो, "नियम हाय, सायेब." खंडेनवमीला गाडीची पूजा झाली की तिच्यावर पैलवान बसवून फोटो काढायची त्याला फार हौस. मी किल्ली काढून खिशात घातली. म्हटलं, "गाडीवर ड्रायव्हर सोडून कुणी न्हाय." तो दातओठ खात राहिला आणि मला पुरणपोळी त्या वर्षी जास्तच गोड लागली.

अठ्ठ्याण्णव साली क्रेन बंद पडली. फाटकात कंटेनर उभा, मोठं खोकं जमिनीवर आणि आमचे मालक प्रभुलिंगअण्णा स्वतः समोर.

"आकाराम, उचल!" हंबीरराव ओरडला.

"गाडीला झेपत न्हाय, सायेब."

"मग घे की दोन पैलवान मागं!"

माझं डोकंच सणकलं. भावाचा पाय खाऊन या माणसाची भूक भागली नव्हती. मी गाडी बंद करून खाली उतरलो.

"पैलवान कशाला? तुमीच चढा की. तुमचं वजन काय कमी हाय व्हय?"

माणसं खुसखुसली. अण्णा निपाणीकडचे, बोलायचे कमी. त्यांनी विचारलं, "हंबीरराव, त्यात धोका हाय काय?"

आता तो पुरता सापडला. हो म्हणावं तर इतकी वर्षं माणसं का चढवली, आणि नाही म्हणावं तर स्वतः चढायला लागणार.

"छ्या, अण्णा! धोका कसला?"

"मग चढा की," अण्णा म्हणाले.

तो चढला. मी सगळ्यांना लांब सारलं, अगदी भिंतीपर्यंत. मग गाडीत बसून फाळ खोक्याखाली घातले, हॉर्न दिला आणि लिव्हर ओढला. इतकी वर्षं पाळलेला नियम मी मोडत होतो आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

खोकं हललं नाही, मागची चाकं मात्र उचलली गेली. आणखी थोडा ओढला. गाडी कुरकुरली, डुलली. हंबीररावानं छताची दांडी दोन्ही हातांनी कवटाळली.

"आक्या, खाली घे! पडतोय की रं!"

"पिराजीला कुणी चढीवलं हुतं?"

"येडा हाईस काय? खाली घे!"

मी लिव्हर नुसता हलवला. गाडीला हिसका बसला.

"मी! मीच चढीवलं! त्यो नगं म्हणत हुता, मी आईवरनं शिवी घातली म्हणून चढला!"

शिवीचं मला माहीत नव्हतं. पिराजीनं ते घरात कधी सांगितलं नव्हतं. माझा हात लिव्हरवरच होता. तो एकदम पुढं ढकलला असता तर हिशेब तिथंच मिटला असता. पण असला माणूस लंगडा झाला की लोक त्याची कीव करतात, आणि ती मला त्याला मिळू द्यायची नव्हती. मी त्याला अगदी हळू खाली घेतलं.

अण्णांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाले, "हेच तालमीत जाऊन सांगायचं. मगच कामावर यायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पिराजीला स्कूटरवर घालून तालमीत नेलं. जोर थांबले, कुस्त्या सुटल्या. वस्तादांसमोर उभं राहून हंबीररावानं सगळं सांगितलं, शिवीसकट. वस्ताद उठले, त्यांनी पिराजीला हाताला धरून आखाड्याच्या कडेला आपल्या शेजारी बसवलं.

"चुकलं माझं, पिराजी," असं म्हणत हंबीरराव पाया पडायला वाकला.

पिराजीनं होता तो एक पाय मागं घेतला.