झुंबरबाईची सांगड

"सांगडीत बसा खुशाल, बाईसाहेब, पन बच्चीले झुंबरच्या पाठीवर नका देऊ," अब्दुल गनी म्हणाला आणि त्याच दमात ओरडला, "किलच! किलच दाबा!"

कोकिळाने दोन्ही पाय दाबले. जीपने एक आचका दिला, दुसरा दिला आणि ती बंद पडली. मागच्या बाकावर तिचे यजमान माणिकराव लेकीला, रेणूला, कवटाळून बसले होते. त्यांची टोपी उडून काळ्या मातीत पडली होती आणि रेणू खिदळत होती.

"का हो? झुंबरबाईला काय झालं?" कोकिळाने विचारलं.

"म्हातारी झाली आता थे." अब्दुल गनी समोरच्या घळीकडे बघत होता. "हातपाय मजबूत हायेत. पन..." पुढचं त्याने गिळलं.

"अहो गनीभाई, म्हातारी माणसंच मुलांना नीट सांभाळतात," असं म्हणून कोकिळाने पुन्हा किल्ली फिरवली.

एरवी एवढा अर्धा शब्दही तिला पुरला असता. आदल्या पावसाळ्यात रेणूला डांग्या खोकला झाला, तेव्हापासून कोकिळाची झोप अशी नव्हतीच. लेकीच्या नाकाशी बोट धरून ती श्वास बघायची. दूध दोनदा उकळायची. खामगावच्या आळीतल्या बायका तिला "बी.ए. झालेली पहारेकरीण" म्हणायच्या, तेही तिच्यासमोर. अमरावतीच्या कॉलेजात असताना हीच मुलगी सायकलवरून हात सोडून जायची, हे सांगितलं तरी कोणाला खरं वाटलं नसतं. तिलाही आताशा वाटत नव्हतं.

म्हणून तर माणिकरावांनी ही सहल ठरवली होती. ऑफिसर्स क्लबातली सगळी कुटुंबं कार्तिकातल्या एकेका रविवारी जाऊन आली होती. सकाळी अब्दुल गनीची जीप माळावर आणि नांदुऱ्याकडच्या पूर्णेकाठच्या घळींमधून हाकायची, दुपारी नदीवर झुंबरबाईच्या सांगडीची सफर करायची आणि दिवेलागणीला घरी यायचं. "अगदी नवशिक्यांसाठी आहे गं," माणिकराव म्हणाले होते. "पोहता येत नसलं तरी चालतं, गाडी येत नसली तरी चालतं. आमच्या हेडक्लार्कच्या सासूबाई जाऊन आल्या."

जीप लष्कराने लिलावात काढलेली होती, स्टेअरिंग डाव्या बाजूला, दारं नाहीत. अब्दुल गनी शेजारी बसून नुसता हाताने दाखवायचा. "घाबरू नोका. इथं धडकाले हाये काय? वरतून आभाळ, खालतून माती." पहिली घळ आली तेव्हा कोकिळाने डोळे मिटले. "डोये उघडा, बाईसाहेब! गाडीले डोये नसते, आपल्यालेच ठेवा लागते!" दुसरी घळ तिने डोळे उघडे ठेवून उतरली. तिसऱ्या घळीतून जीप गुरगुरत वर चढली आणि समोर एकदम सगळा माळ पसरला, तेव्हा ती मोठ्याने हसली. ते हसणं ऐकून माणिकरावांनी रेणूच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि कोकिळाला वाटलं, आज आपल्याला कशाचीच भीती वाटणार नाही. अब्दुल गनीचं बोलणं माळावर मागे कुठेतरी राहून गेलं.

घाटावर पोचल्यावर अब्दुल गनीने तोंडाशी हात धरून हाक मारली, "ओ झुंबराऽऽ!"

त्या घाटावर येणारा प्रत्येक जण अशीच हाक मारायचा. पलीकडून लगेच उत्तर आलं, "आली वो, गनीभाऊ! कोन कोन हाये संगं?"

"पंचायत समितीचे साहेब, बाईसाहेब, अन् एक पोट्टी!"

सांगड पाण्यावरून सरकत आली. पूर्वी वाळल्या भोपळ्यांची असायची. आता तेलाच्या रिकाम्या डब्यांची तोंडं डांबराने बंद करून त्यांवर बांबूची ताटी बांधलेली होती. त्यावर काष्टा घातलेली, उंच, काटकुळी बाई उभी राहून लांब बांबूने तळ रेटत होती. नवरा गेल्यापासून घाट तीच चालवत होती. मुंबईत महाराष्ट्राचं राज्य आलं, बुलढाण्यात जिल्हा परिषद आली, तरी हा घाट झुंबरबाईचाच राहिला. त्याचा परवाना आता पंचायत समितीकडून मिळायचा, म्हणजे माणिकरावांच्या टेबलावरून.

"एका वेळी एकच मोठं मानूस," झुंबरबाई म्हणाली. "आधी बाईले नेतो. अन् लेकरू माह्या पाठीवर."

"माझ्या मांडीवर बसेल की," कोकिळा म्हणाली.

"नाही माय. माय असली का पोरगं हाललं न हाललं तं थे दचकते. थे दचकली का सांगड कलते. आमच्या घाटाची रीतच हाये. या पंचक्रोशीतलं सारे लेकरं माह्या पाठीवरून गेले. तुमच्या समितीचे सभापती बी गेले."

माणिकराव हसले. "सभापतींना सांगतो बरं का!"

"सांगा. रडले होते थे लय."

झुंबरबाईने रेणूसाठी हात पुढे केले. परक्या हातात जायचं म्हटलं की रेणू आकांत करायची. पण झुंबरबाईने तिच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून हळूहळू बोटं फिरवली, आणि पोर गुदगुल्या झाल्यासारखी गप्प राहिली. किती मायेने चाचपते आहे, असं कोकिळाच्या मनात आलं. झुंबरबाईने जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने तिला पाठीशी आवळलं. अब्दुल गनी जीपच्या चाकाशी उगाच वाकून बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

सांगड निघाली. कोकिळा झुंबरबाईकडे तोंड करून बसली, म्हणजे खांद्यावरून डोकावणारी रेणू दिसत राहील. पाणी खाली गार आणि दाट होतं. काठावर माणिकराव कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे सरत होते. झुंबरबाईचा बांबू एका लयीत पडत होता. डोहाचा भाग आला तशी तिने बांबू वर घेऊन वल्ह्यासारखा चालवला, न बघता, सरावाने. न बघता.

पावलागणिक मूल पडेल अशी भीती बाळगणाऱ्या बाईला दुसऱ्याची नजर कुठे आहे ते चटकन कळतं. झुंबरबाईची नजर कोकिळाच्या डोक्यावरून कुठेतरी आभाळाच्या कडेला लागली होती आणि तिथून हलत नव्हती. डोळ्यांत ताकासारखं पांढुरकं काही होतं. कोकिळाने मान वळवली. पुढे, पाण्याच्या मधोमध, परवाच्या अवकाळी पुरात वाहून आलेली बाभूळ अडकली होती. तिच्या काटेरी फांद्या पाण्याबाहेर पंजासारख्या उभ्या होत्या. सांगड सरळ तिच्यावर जात होती.

वळवेल आता, कोकिळाला वाटलं. वळवली नाही.

"झुंबरबाई, झाड."

"कोन्तं झाड, माय?"

हे तिने अगदी सहज विचारलं होतं. ओरडावं, उठावं, रेणूला ओढून घ्यावं, हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं. उठली असती तर सांगड तिथेच कलली असती. तिने दोन्ही हातांनी बांबूची ताटी धरली.

"उजवीकडे घ्या," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "अजून. अजून थोडं. हां. आता सरळ."

बाभळीची एक फांदी सांगडीच्या कडेला खर्र करून घासून गेली. रेणूने ती धरायला हात पुढे केला. काटा वीतभर लांबून गेला.

पलीकडच्या काठावर उतरल्यावर झुंबरबाई वाळूत बसली. पाठीवरची गाठ सोडून तिने पोर पुढे केली. रेणू हाती आली तशी कोकिळाने तिला इतकं घट्ट धरलं की पोर कळवळली.

"कधीपासून?" कोकिळाने विचारलं.

"दोन सालं झाले. आधी धुकं धुकं दिसे. आता उजेड अन् अंधार तेवढा समजते." तिने वाळूत बोटाने रेघ ओढली आणि पुसली. "लोक आवाज देते, मी आवाजावर जातो. नदी पायाले ओयखीची हाये. हे झाडच मेलं परवा नवं आलं, येताना बाजूनं सुटलं असन. कोनी सांगतलंच नाही. त्याईले वाटलं, म्हातारीले दिसत असन."

"तुम्ही माझी मुलगी पाठीवर घेतली, झुंबरबाई."

"हाव." तिने लुगड्याचा पट्टा मांडीवर गुंडाळला. "न घेतली असती तं साहेबानं इचारलं असतं, काऊन नाही घेतली. तुमच्या त्याईच्या हाती कागद हाये माहा. घाट गेला तं मी काय करू, माय? कोनाच्या दारी बसू?"

मग तिने हात पुढे केला. "जाताना तुमीच धरा लेकराले. माह्यी काही हरकत नाही."

कोकिळाने पलीकडे पाहिलं. माणिकराव हात हलवत होते. अब्दुल गनी जीपला टेकून उभा होता, हात छातीशी बांधून. लेकरू मांडीवर घेऊन ती परत गेली असती तर ते त्या दोघांना दिसलं असतं. इतकी वर्षं कधी मोडली नव्हती ती रीत आजच का मोडली, हे माणिकरावांनी विचारलं असतं, आणि ते सरळ माणूस होते. सोमवारी परवान्याच्या कागदावर त्यांनी तसं लिहिलं असतं. त्यांचंही चुकलं नसतं.

दुसरा रस्ता पुलावरून होता, फार लांबचा, आणि जीप या काठाला नव्हती.

तिने रेणूच्या गालाला गाल लावला. पोरीच्या अंगाला झुंबरबाईच्या लुगड्याचा वास लागला होता, धुराचा आणि नदीच्या चिखलाचा.

"वळा तिकडे," ती म्हणाली आणि रेणूला पुन्हा तिच्या पाठीशी बांधलं. गाठ तिने स्वतः मारली, मग ओढून पाहिली, मग वर आणखी एक मारली.

"पौषात खामगावला डोळ्यांचं शिबिर आहे. तुम्ही यायचं. ऑपरेशन करून घ्यायचं."

"डोया फुटला तं?"

"आता तरी कुठे आहे? आणि तोवर कोणाचंही लेकरू पाठीवर घ्यायचं नाही. माझा हात धरून सांगा."

झुंबरबाईने तिचा हात शोधला. तो सापडायला थोडा वेळ लागला. "पूर्णामायची आन," ती म्हणाली.

या वेळी कोकिळा पुढे तोंड करून बसली. वाट दाखवायची तर नदीकडे बघायला हवं होतं, आणि नदीकडे बघायचं तर रेणूकडे पाठ करायला हवी होती. ती सतत बोलत राहिली. कापसाचं, थंडीचं, अमरावतीच्या कॉलेजचं, आणि त्यातच "थोडं डावीकडे", "हां, असंच", "झाड आलं, उजवीकडे". मागून बांबूचा आवाज येत होता. रेणूचा येत नव्हता. एकदा पाणी सपकन उडालं आणि कोकिळाचं वाक्य मधेच तुटलं. तरी तिने मान वळवली नाही. समोर फांद्या होत्या. एवढा वेळ लेकीकडे न बघता ती त्या खोकल्यानंतर पहिल्यांदाच बसली होती.

फांद्या मागे पडल्या. मग पाठीमागून रेणूने स्वतःशीच काहीतरी बडबड केली आणि झुंबरबाई तिला म्हणाली, "हाव वं बाई, हाव."

"किती बोलत होतीस गं पाण्यावर!" माणिकराव हसत म्हणाले. "इथपर्यंत ऐकू येत होतं. आता माझी पाळी."

"तुमची नको. मला बरं वाटत नाहीये. घरी जाऊ या," कोकिळा म्हणाली. रेणूला सोडवून घेऊन ती तशीच वाळूत खाली बसली, त्यामुळे त्यांना खरं वाटलं.

जीपपाशी अब्दुल गनी हलक्या आवाजात म्हणाला, "झाड चुकवलं तुमी, बाईसाहेब."

"झुंबरबाईंनी चुकवलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग नदीकडे. "दर भाऊबीजेले ओवाळते मले थे," एवढंच बोलून त्याने किल्ली पुढे केली. "चालवता?"

"नको, गनीभाई. तुम्हीच चालवा."

पौषाच्या आधीच माणिकरावांची लोणारला बदली झाली. शिबिराच्या दिवशी कोकिळा रेणूला घेऊन एसटीने खामगावला गेली. शाळेच्या वर्गांत ओळीने खाटा मांडल्या होत्या, डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं निजली होती. ती प्रत्येक खाटेशी वाकून नाव विचारत फिरली. तानुबाई होती, सोजराबाई होती. झुंबरबाई नव्हती. आदल्या तुकडीत येऊन गेली असेल, असं एक डॉक्टर म्हणाले, पण त्यांना नक्की आठवत नव्हतं. त्या दिवशी पूर्णेकडे जायला गाडी मिळाली नाही. अब्दुल गनीने जीप विकल्याचं बाजारात कळलं. तो कुठे गेला ते कोणी सांगेना.

माणिकरावांना तिने अजून सांगितलेलं नाही. रात्री रेणूच्या नाकाशी बोट धरायची सवय कमी झाली आहे. पण त्या घाटावर आज कुणाचं तरी लेकरू त्या पाठीवर असेल, हा विचार भाकरी थापताना येतो आणि हात तसाच राहतो. म्हणून नांदुऱ्याकडे जाणारा कोणी भेटला की ती त्याला एक काम सांगते. तुम्हालाही सांगते आहे.

घाटावर जाल तेव्हा हाक मारू नका. काठाशी उन्हात उभे राहा आणि नुसता हात वर करा. पलीकडे उंच, काटकुळी बाई असेल. तो पाहून तिनेही हात वर केला तर लोणारला माणिकरावांच्या घरी एवढा निरोप पोचवा, बाकी काही लागत नाही. आणि नाही केला, तर लगेच माघारी फिरू नका. बाई कामात असेल, तिची पाठ असेल तुमच्याकडे. जरा थांबा, आणि आणखी एकदा हात वर करून बघा.